चेंगदू, व्हाया दिवा

डोंबिवलीत दर पन्नास पावलांवर चायनीज मिळतं. चीनमध्ये जे शिजतं, त्यातलं मात्र काहीही मिळत नाही.

संध्याकाळचे सात वाजले की स्टेशनापासून मानपाडा रोडपर्यंत लाल ताडपत्र्या उलगडतात, बर्नरची घरघर सुरू होते आणि बाटलीच्या झाकणाला खिळ्याने पाडलेल्या भोकातून सोया सॉसची पिचकारी उडते. घमेलंभर चिरलेला कोबी, परातभर उकडलेल्या नूडल्स आणि रंगपंचमीचा उरलेला रंग सत्कारणी लावावा तसे दिसणारे मंचुरियनचे गोळे. यादीत चायनीज भेळ असते, ट्रिपल शेजवान राइस असतो, आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून कांदा-लसणाशिवायचं जैन मंचुरियनही असतं. दर रविवारी आमचं कुटुंब तिथे भक्तिभावाने उभं राहतं. मीही वर्षानुवर्षं राहिलो. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी स्वयंपाकावर वाचायला लागलो. मध्यमवयीन पुरुषाने स्वयंपाक करावा, खावा, नावं ठेवावीत, वाचू नये. फार महागात जातं.

वाचल्यावर कळलं की मंचुरियनने मंचुरियाचं तोंडही पाहिलेलं नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत. १९७५ साली कुणा गिऱ्हाइकाने यादीबाहेरचं काहीतरी मागितलं. वांगसाहेबांनी आलं-लसूण-हिरवी मिरची अशी आपली नेहमीची सुरुवात केली आणि गरम मसाल्याकडे जाणारा हात वळवून सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरकडे नेला. झालं चिकन मंचुरियन. म्हणजे ब्रेबोर्न स्टेडियमच्या आवारात, चर्चगेटपासून चालत पाच मिनिटांवर. ही सगळी माहिती मी पुढच्याच रविवारी गाडीसमोर, गर्दीत, मोठ्या आवाजात सांगितली.

"थोडक्यात, हे खोटं चायनीज आहे," मी समारोप केला.

"पण बाबा, मुंबईचं आहे म्हणजे अस्सलच झालं ना?" मुलगा म्हणाला.

गाडीवाल्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "साहब, आपका तीखा कम करूं?"

त्याच रात्री मी घरात जाहीर केलं की यापुढे या घरात खरं चायनीज शिजेल.

"खरं म्हणजे?" बायकोने विचारलं.

"चेंगदूत करतात तसं."

"आणि चेंगदूला जाऊन कोण पडताळून बघणार आहे?"

हा प्रश्न डोंबिवलीकराला विचारायचा नसतो. एका वेलांटीसाठी लग्नपत्रिका परत छापून आणणारी माणसं आम्ही. पडताळायला कोणी येणार नाही, ही आमच्या दृष्टीने अडचण असते, सवलत नव्हे.

मी निवडला मापो टोफू. गाडीवरची चटणी ज्या सिचुआन प्रांताचं नाव लावून फिरते, तिथला हा मानाचा पदार्थ: मऊ टोफू, थोडा खिमा, आणि वर लालभडक तेलाचा तवंग. सांगतात असं की १८६२च्या सुमाराला चेंगदूत वानफू पुलाजवळ चेन नावाच्या एका बाईंची खानावळ होती. बाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. तेच पुढे पदार्थाच्या नावाला चिकटले. तेल वाहून नेणारे हमाल तिथे जेवायला थांबत, कधी आपलंच तेल आणि मांस बाईंपुढे ठेवत, आणि बाई त्यात टोफू घालून झणझणीत काहीतरी रांधून देत.

"म्हणजे रस्त्याकडेला, हमालांसाठी, झटपट, तिखट, तेलकट," मुलाने बोटं मोजली. "बाबा, ही तर चायनीजची गाडीच झाली."

मी त्याला अभ्यासाला बसायला सांगितलं.

टोफूपासून सुरुवात केली. आमच्या दुकानदाराने शांतपणे पनीरचा ठोकळा पुढे केला. "ताजं आहे, आत्ताच आलंय."

"टोफू हवाय हो. सोयाबीनचा."

"अच्छा, डाएट!" त्याचा चेहरा एकदम दुखवट्याचा झाला. "कधीपासून आहे शुगर?"

मला शुगर नाही, हे मी त्याला सांगितलं. शुगर असलेला प्रत्येक माणूस सुरुवातीला हेच सांगतो, असं तो म्हणाला. दुकानात आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरचे काका उभे होते. मी घरी पोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका कारल्याच्या रसाचा स्टीलचा पेला घेऊन दारात. "लाजायचं नाही. मीही पहिली दोन वर्षं लपवलं होतं." तो रस मी उभ्या उभ्या प्यायलो. तोंडासमोर पेला धरून एखादा ज्येष्ठ नागरिक उभा असेल, तर चीनचा इतिहास सांगता येत नाही.

बरं, दुकानात मिळाला तो टोफू घट्ट, व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या कामाचा. मापोला लागतो लुसलुशीत, चमच्याने हलवला तरी थरथरणारा. तो ठाण्यात एका मॉलमध्ये मिळाला. किमतीबद्दल घरी आजतागायत बोललेलो नाही. खरा प्रश्न त्याला डोंबिवलीला आणण्याचा होता. ऑफिस सुटल्यावर, ठाण्याहून, स्लो लोकलने.

चेंगदूच्या हमालांनी तेलाचे बुधले वाहिले असतील. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये मऊ टोफू कुणी वाहिलेला नाही. पिशवी मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

"काका, बॅग वर टाका ना रॅकवर."

"नाजूक आहे."

"अंडी का?"

"टोफू."

"कोण?"

"सोयाबीनचं असतं हो, खरवसासारखं..."

"मग काका, खरवस डोंबिवलीत मिळत नाही?"

कळवा गेलं, मुंब्रा गेलं. मुंब्र्याला कुणाच्या तरी कोपराने पिशवीची चौकशी केली. दिवा आलं आणि दिव्याला उतरणाऱ्या लोंढ्याने माझं मत न विचारता मलाही उतरवलं. मी फलाटावर, टोफू गाडीत. खिडकीतून एक हात आला, आवाज आला, "ओ काका, तुमचा खरवस!", आणि पिशवी हवेतून माझ्याकडे आली. तो माणूस कोण होता मला माहीत नाही. त्याची नेमबाजी उत्तम होती. माझंच झेलणं कच्चं. पुढची गाडी पकडून घरी आलो तेव्हा डब्यातल्या ऐवजाला वाटीतूनच वाढावं लागलं असतं.

"आपण लापशी करतोय का?" बायकोने विचारलं.

मग टोफू घरी करायचं ठरलं. यात अवघड काही नाही, असं लिहिणाऱ्या माणसाच्या घरी भांडी दुसरं कोणीतरी घासत असणार. सोयाबीन रात्रभर भिजत घालायचं, वाटायचं, फडक्यातून गाळायचं, दूध उकळायचं. हे दूध गाईच्या दुधासारखं इशारा देऊन वर येत नाही. ते शांत असतं, शांत असतं, आणि आपण मीठ घ्यायला वळलो की शेगडीवर असतं. फेस ओट्यावरून खाली उतरेपर्यंत मी दोन्ही हातांनी त्याला समजावत होतो.

दूध फाडायला चिनी लोक जिप्सम वापरतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. खाण्यासाठीचं शुद्ध जिप्सम वेगळं असतं हे मला माहीत होतं. ते आमच्या किराणावाल्याला सांगायला मात्र जमलं नाही. "जिप्सम? म्हणजे पीओपी? समोरच्या बिल्डिंगमध्ये छताचं काम चाललंय, त्यांना विचारा." त्याच्या मुलाने जास्त माहिती पुरवली: "गणपतीच्या कारखान्यात पण असतं." शेवटी लिंबू पिळलं. दूध फाटलं, फडक्यात बांधलं, वर वरवंटा ठेवला. परंपरा म्हणते की टोफूचा शोध हान काळात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, लिउ आन नावाच्या राजपुत्राने अमरत्वाचं औषध शोधताना लावला. ओट्याची अवस्था पाहून मला त्याच्या स्वयंपाकघराची कल्पना आली. माणूस अमर व्हायला निघाला आणि टोफूवर थांबला, कारण पुढचं करायला भांडंच शिल्लक नसणार.

त्या दिवशी सोयाबीनच्या चोथ्यात बायकोने ज्वारीचं पीठ, कांदा, कोथिंबीर घालून थालीपिठं लावली. ती मिनिटाभरात संपली. टोफूकडे कुणी पाहिलंही नाही. "बाबांचा तो पांढरा पदार्थ उद्या खाऊ," मुलगा लोणी पुसून घेत म्हणाला.

मध्यंतरी डुकराचंही प्रकरण झालं. मापो टोफूत मूळचा खिमा बीफचा; त्याच्या जागी बोकडाचा चालेल, हे मी उदार मनाने ठरवून टाकलं होतं. पण चिनी स्वयंपाक करायचा आणि डुकराला वगळायचं म्हणजे अष्टविनायक करताना मोरगाव टाळण्यासारखं झालं असतं. मी दोंगपो पोर्कचा विषय काढला. सू दोंगपो हा अकराव्या शतकातला मोठा कवी आणि सरकारी अधिकारी. राजकारणात नडला, १०८० साली हुआंगझोऊला हद्दपार झाला. तिथे डुकराचं मांस स्वस्त होतं आणि श्रीमंत त्याला हात लावत नसत. कवीने ते शिजवलं आणि त्यावर लिहिलंसुद्धा: पाणी थोडं, आच मंद, घाई नको, ते आपल्या वेळेने शिजेल.

"हा पदार्थ एका कवीच्या नावाचा आहे," मी बायकोला म्हणालो.

"कवीला आपल्याकडे यायचं असेल तर जेवून यायला सांगा."

घरात डुक्कर येणार नाही, यावर तीन पिढ्यांचं एकमत झालं. मग ऑफिसातला एक मित्र धावून आला. ईस्ट इंडियन, ठाण्याचाच, तलावपाळीच्या चर्चजवळ राहणारा. त्याच्या घरी डुक्कर ही चर्चेची बाब नव्हतीच. कुठला भाग, एवढाच प्रश्न. पोटाच्या मांसाचे चौकोनी तुकडे सुतळीने बांधले, खाली कांद्याची पात आणि आलं, वर सोया सॉस आणि खडीसाखर. आता शाओशिंगची तांदळाची वाइन हवी. ती नाही. मित्राने रम काढली. महाराष्ट्रात १९४९च्या कायद्यामुळे दारू प्यायला परवाना लागतो; तो माझ्या नावाचा काढायचा की डुकराच्या, यावर आमचा बराच वाद झाला आणि वादात रमही थोडी कमी झाली.

मंद आचेवर दोन-अडीच तास. मी दर दहा मिनिटांनी कवीचा हवाला देत होतो, घाई नको. मित्राची आई ऐंशीच्या घरातली. ती मधूनमधून येऊन पातेल्याकडे परक्या मुलाकडे बघावं तशी बघायची. आम्ही बाल्कनीत गेलो, परत आलो, तर घरभर वेगळाच वास. ओट्यावर बिअरची तपकिरी बाटली उघडी. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात ढीगभर जिन्नस भाजून, कुटून जो बॉटल मसाला करतात, तो असल्याच बाटल्यांत भरून ठेवतात.

"मम्मा, टाकलास?"

"अरे बाबा, मिळमिळीत दिसत होतं. आजारी माणसाचं जेवण वाटत होतं. चमचाभरच घातला."

चमचा कुठला, ते तिने दाखवलं नाही. आम्ही पावाशी खाल्लं आणि पातेलं पुसून काढलं. सू दोंगपोला ओळख पटली नसती, पण त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं असतं याबद्दल मला शंका नाही.

आता राहिलं मापोचं काळीज: दोउबानजियांग. बाकल्याचे दाणे आणि लाल मिरच्या मिठात घालून मातीच्या रांजणात मुरवतात. ऊन असेल तेव्हा उघडे ठेवायचे, ढवळायचे, पावसात झाकायचे. चेंगदूजवळच्या पिशियनचं सगळ्यात नावाजलेलं, आणि चांगलं म्हणजे वर्षावर वर्ष मुरलेलं. मी हे वर्णन जेवताना करत असताना सासूबाईंनी प्रथमच मान वर केली. त्या कुडाळच्या, माझ्या चिनी मोहिमेकडे आतापर्यंत त्यांनी उन्हाळी सुट्टीतल्या शिबिराइतकंच लक्ष दिलं होतं.

"म्हणजे लोणचांच तां," त्या म्हणाल्या.

ते मी ऑनलाइन मागवलं. बरणी आली तेव्हा खोक्याचा तळ ओला होता. वॉचमन ते लिफ्टमधून वर घेऊन आला, पण लिफ्टमध्ये गडद लाल तेलाचा एक ओघळ आणि दोन थेंब मागे राहिले. पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. "लिफ्टमध्ये रक्त!!" खाली कुणीतरी विचारलं, कोणत्या मजल्यावर. कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली. एका आजोबांनी, ज्यांना सगळ्याच फोटोंना तेच उत्तर द्यायची सवय आहे, "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. सेक्रेटरींचा संदेश मात्र पदाला शोभणारा होता: "ज्यांचं असेल त्यांनी पुसून घ्यावे." मी फडकं घेऊन गेलो. तळमजल्यावरचे काका लिफ्टपाशीच होते. माझा लाल हात पाहून ते हळूच म्हणाले, "जखम लवकर भरत नाही ना? शुगरमध्ये असंच होतं."

शेवटची वस्तू सिचुआन मिरी. ही काळ्या मिरीची कोणी लागत नाही. छोटी तपकिरी फळं, बी टाकून द्यायचं आणि साल वापरायची, आणि ती तिखट लागण्याऐवजी ओठांना झिणझिण्या आणते. जांभळी नाक्यावर मसाल्याच्या एका जुन्या दुकानात विचारलं. "चिनी हवंय? दालचिनी आहे, कबाबचिनी आहे," दुकानदार म्हणाला आणि दोन्ही बांधायला लागला. घरी येऊन मी हताशपणे मोबाइलवरचं चित्र सासूबाईंपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, उठल्या आणि आपल्या फळीवरची बरणी आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"जावयबापू, ह्यां तर तिरफळ!"

होतंही तसंच. दोन्ही एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडं; एक सिचुआनच्या डोंगरात वाढलं, दुसरं कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१३ साली माणसांच्या ओठांना सिचुआन मिरी लावून त्या झिणझिण्या मोजल्या होत्या: सेकंदाला साधारण पन्नास. आपल्या घरातली वीजही पन्नास हर्ट्झचीच, असं मी मुलाला सांगितलं, विज्ञानाची गोडी लागावी म्हणून.

"मग लाइट गेले की आजीचं तिरफळ लावून मोबाइल चार्ज होईल?"

अखेर तो रविवार आला. पुरणाची मोठी कढई घेतली. गाडीवरचा बर्नर ज्वाळांनी कढई गिळतो. आमच्या गॅसची निळी फुलं तिच्या बुडाखाली लाजून बसली. घरच्या टोफूचे चौकोन मिठाच्या गरम पाण्यात ठेवले, म्हणजे ते फुटत नाहीत. खिमा तेलात परतत राहिलो, आधी त्याचं पाणी सुटतं, मग आटतं, मग तो कडेने कुरकुरीत व्हायला लागतो. "करपतोय," बायको म्हणाली. "परततोय," मी म्हणालो. मग दोउबानजियांग. तेलाचा रंग बघता बघता लाल झाला आणि मजल्यावरची सगळी दारं एकापाठोपाठ उघडली. मिरचीच्या ठसक्याने अख्खा जिना खोकत होता. आलं, लसूण, पाणी, टोफू. इथे ढवळायचं नाही. डावाच्या पाठीने हलकेच पुढे सारायचं. कॉर्नफ्लोअरचं पाणी एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. त्यामुळे रस टोफूला धरून राहतो आणि तेल वर सुटतं.

"अजिनोमोटो नाही ना घातलंत?"

"ते मुळात जपानी आहे. १९०८ साली टोकियोत इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी समुद्रशेवाळापासून..."

"घातलंत की नाही?"

नव्हतं घातलं. वरून लसणाची पात आणि भाजून कुटलेलं तिरफळ. पानं मांडली. मुलाने पहिला घास घेतला, डोळे मोठे केले आणि ओठांना हात लावून पाहिला, जागेवर आहेत ना म्हणून. बायको काही बोलली नाही, पण भात पुन्हा घेतला. बावीस वर्षांच्या संसारात या मौनाचा अर्थ मला लावता येतो. सासूबाईंनी बोटाने रस चाटला, डोळे मिटले, आणि वाटी शेवटपर्यंत उकरून पाहिली.

"बरां झालां. पण ह्येच्यात बांगडो खंय आसा?"

मी त्यांना टोफूचा महिमा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शुक्रवारी बाजारातून स्वतः बांगडे आणले. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं झालं: तिरफळ होतं, कोकम होतं, आणि मी लिफ्ट पुसून मिळवलेल्या बरणीतलं निम्मं दोउबानजियांग होतं. ते इतकं चांगलं झालं की खालच्या काकांनाही पाठवावं लागलं. त्यांनी ते पथ्याचं समजून खाल्लं.

आता बरणी सासूबाईंच्या फळीवर असते आणि मला विचारून मिळते. मागच्या आठवड्यात कुडाळहून त्यांच्या मावसबहिणीचा फोन आला होता, तिखल्याची कृती विचारायला. सासूबाईंनी आधी ही आपल्या आज्येची पद्धत असल्याचं सांगितलं. मग पलीकडून बहुधा विचारणा झाली की त्या लोणच्याऐवजी बाजारची शेजवान चटणी घातली तर चालेल का. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या.

"चलाचा नाय. खंयचाय उचलून घालशीत तर तिखलां कसला तां? पिशियनचांच व्हयां!"